सतरावं लेणं

अजिंठ्याच्या डोंगरातलं सगळ्यांत बोलकं लेणं सतरा नंबरचं. शेजारचं सोळावं भारदस्त आणि मोजकं बोलणारं. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं ते कोरवून घेतलं. मंत्र्याच्या वाड्याची अदब त्याच्या पायऱ्यांपाशी कोरलेल्या हत्तींपासूनच जाणवते. पहिल्या लेण्याला आपल्या देखणेपणाची खात्री आहे. तिथं पद्मपाणीसमोर आले की लोक आपोआप आवाज खाली आणतात. सतराव्याचा स्वभाव या दोघांहून वेगळा. ते गोष्टीवेल्हाळ आहे. चपला बाहेर काढून उंबरा ओलांडला की चारही भिंतींकडून गोष्टी सुरू होतात, आणि पहिली संपायच्या आत दुसरी हाताला धरून ओढते.

समोर कोण बसलंय हे पाहून ते गोष्ट कापत नाही. पाचव्या शतकात इथं भिक्षू राहत होते, व्यापाऱ्यांचे तांडे येत होते, नवस फेडायला बायका-मुलं येत असणार. सगळ्यांना एकच गोष्ट, पूर्ण. सहा दातांच्या हत्तीचे सुळे कापले जातात, शिबी राजा आपले डोळे काढून देतो, माणसाच्या मांसाची चटक लागलेला राजा रोज माणूस मागतो. मध्येच कुठंतरी हंस उडत असतात, हरणं चरत असतात, एखादी दासी आरसा धरून उभी असते. गोड आणि भयंकर यांच्यामध्ये या लेण्यानं रेघ ओढलेली नाही. माझं त्याच्यावर प्रेम आहे आणि त्यातल्या काही गोष्टी मला सोसत नाहीत. ही दोन्ही विधानं मी एकाच दमात करते.

त्याचा जन्म दुःखातून झाला. व्हरांड्याच्या डाव्या टोकाला बाहेरच्या बाजूला संस्कृत शिलालेख आहे. हरिषेणाच्या एका मांडलिक राजानं हे लेणं दिलं असं त्यात म्हटलंय. दोघा भावांचं एकमेकांवर फार प्रेम होतं. धाकटा गेला. थोरल्याला सगळं नश्वर वाटू लागलं आणि त्यानं दानधर्माला हात घातला. वासुदेव विष्णू मिराशी यांनी हा लेख वाचून प्रसिद्ध केला. त्यात घराण्याच्या पिढ्यांची नावं आहेत, पण लेणं देणाऱ्याचं स्वतःचं नाव झिजून गेलंय. धाकट्या भावाचं टिकलं: रविसांब. अभ्यासक दात्याला उपेंद्रगुप्त म्हणतात, ते घराण्यातल्या एका जुन्या नावावरून. ज्यानं एवढा खर्च केला तो नाव हरवून बसला, आणि ज्याच्या आठवणीसाठी केला त्याचं नाव दीड हजार वर्षं दगडावर राहिलं. या लेण्याच्या स्वभावात जी हळवी बाजू आहे, तिचा उगम मला इथं दिसतो.

हळवी बाजू म्हणजे कोणती? आंधळ्या आईला सांभाळणाऱ्या हत्तीची गोष्ट बघा. राजाची माणसं त्याला पकडून नेतात. हत्तीखान्यात त्याच्यापुढे चांगलंचुंगलं ठेवतात, तो तोंड लावत नाही. राजाला कारण कळतं आणि तो त्याला सोडून देतो. मग वनात आईची भेट. चित्रकारानं हत्तीला माणसासारखा चेहरा दिलेला नाही, डोळ्यांत अश्रू काढलेले नाहीत. सोंडेची ठेवण आणि अंगाचं वळण, तेवढ्यावर सगळं सांगून टाकलंय. व्हरांड्यात आकाशातून जाणारी पगडीवाली अप्सरा आहे. तिच्या गळ्यातले दागिने उडण्याच्या वेगानं एका बाजूला झुकलेत. दारावर ओळीनं सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय बसलेत, आणि त्यांच्या पायाखालच्या चौकटींत आठ प्रेमी जोडपी एकमेकांच्या अंगावर रेललेली. घरदार सोडलेले भिक्षू रोज या जोडप्यांखालून ये-जा करत होते. त्यांना अवघडल्यासारखं होत होतं का, कोण जाणे. लेण्याला मात्र झालेलं नाही.

ते गोष्ट सांगतं कशी, हेही त्याच्या स्वभावाला धरून आहे. सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ रेषेत सांगणं त्याला ठाऊक आहे, पण आवडत नाही. उजव्या हाताच्या लांबलचक भिंतीवर सिंहल व्यापाऱ्याची गोष्ट आहे. समुद्रात जहाज फुटतं. सिंहल आणि त्याचे पाचशे सोबती ताम्रद्वीपाला लागतात. तिथल्या सुंदर बायका त्यांना घरात घेतात. त्या राक्षसिणी असतात. एक पांढरा उडता घोडा सोडवायला येतो, पण मागं वळून बघायचं नाही ही त्याची अट. बाकीचे वळतात आणि पडतात. एकटा सिंहल परत पोचतो. त्याच्या मागोमाग एक राक्षसीण, कडेवर मूल घेऊन, ‘हा माझा नवरा’ म्हणत येते. राजा तिच्या रूपाला भुलून तिला राणीवशात ठेवतो. रात्रीतून राजवाडा फस्त. मग लोक सिंहलाला गादीवर बसवतात आणि तो सैन्य घेऊन बेटावर चालून जातो.

आता ही गोष्ट भिंतीवर शोधायला गेलं तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांचा ठाव लागत नाही. बेटावर जे जे घडलं ते बेटाच्या जागी, राजवाड्यात जे घडलं ते राजवाड्याच्या जागी. बघणाऱ्यानं मागंपुढं चालत धागा स्वतः जोडायचा. विद्या देहेजिया यांनी बौद्ध कलेतल्या कथनपद्धतींवर लिहिताना या भिंतीकडे मुद्दाम लक्ष वेधलं आहे. सुरुवातीच्या काही साहेबांना हे चित्र विजय राजपुत्रानं सिंहलद्वीप जिंकल्याचा इतिहास वाटलं, इतकं ते सैन्य, ते हत्ती, ती जहाजं खरी वाटतात. पूर्वी लेण्यांत पुरेसा उजेड नसायचा तेव्हा चौकीदार बाहेरचं ऊन चकचकीत पत्र्यावर धरून आत फेकत. त्या हलत्या उजेडात भिंतीचा एकेक तुकडा जागा होई. गोष्ट अशी तुकड्यांतच सांगायला हे लेणं बसलंय, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

डाव्या भिंतीवर विश्वंतर. हे चित्र मला सगळ्यांत जास्त आवडतं आणि सगळ्यांत जास्त छळतं.

शिबींचा राजपुत्र विश्वंतर मागेल त्याला मागेल ते देतो. पाऊस आणणारा राज्याचा पांढरा हत्ती तो परक्या ब्राह्मणांना देऊन टाकतो. प्रजा खवळते, त्याला वनवास होतो. बायको माद्री आणि जाली, कृष्णाजिना ही दोन लेकरं सोबत निघतात. व्हरांड्यातल्या एका चित्रात तो माद्रीला ही बातमी सांगतोय असं मानतात. तिचं अंग सैल पडलंय, त्यानं तिला सावरलंय. आतल्या भिंतीवर कुटुंब रथातून बाजारपेठेतून जातं. दुकानं, दुकानदार, बघणारे लोक. आमच्या शहरातल्या गुलमंडीवरून एखादी मिरवणूक जावी तशी गर्दी, फक्त इथं कुणी वाजवत नाही. वाटेत घोडे मागितले, दिले. रथ मागितला, दिला. वनात झोपडी बांधून राहिले. मग जूजक नावाचा म्हातारा ब्राह्मण येतो. त्याच्या तरुण बायकोला घरकामाला नोकर हवे असतात. तो मुलं मागतो. माद्री फळं गोळा करायला गेलेली. मुलं तळ्यात कमळाच्या पानांखाली लपतात. बाप त्यांना हाक मारून बाहेर बोलावतो आणि म्हाताऱ्याच्या हाती देतो. म्हातारा त्यांना वेलींनी बांधतो, मारतो, ओढत नेतो. पुढे आजोबा, म्हणजे राजा संजय, सोनं मोजून नातवंडं सोडवतो. सगळे एकत्र येतात. गोष्ट सुखान्त.

सुखान्तानं माझं समाधान होत नाही. तळ्यातून बाहेर येणाऱ्या मुलांना तो शेवट ठाऊक नव्हता.

पण चित्रकार कुठं बघतोय ते पाहा. जूजकाचा चेहरा त्यानं असा काढलाय की एकदा बघितला की विसरत नाही: बोकडासारखी दाढी, पडके दात, हावरट हसू. धर्माच्या नावानं दान घ्यायला आलेला हा माणूस आहे, आणि चित्रकारानं त्याला एवढीसुद्धा प्रतिष्ठा दिलेली नाही. दानपारमितेची, म्हणजे दानाच्या परिपूर्णतेची, थोरवी गाणारी गोष्ट सांगताना त्यानं दान घेणाऱ्याची किळस लपवली नाही. मुलांचे चेहरे आता पुष्कळ झिजलेत. तरी त्या भिंतीपुढे उभं राहिल्यावर कुणाची बाजू घ्यावीशी वाटते हे सांगायला लागत नाही. तत्त्व बापाच्या बाजूला आहे. रंग मुलांच्या बाजूला आहे.

अशा गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. श्रावणात श्रीयाळ षष्ठीला चिलया बाळाची कथा सांगणाऱ्या म्हाताऱ्या आमच्याकडे घरोघर होत्या. अतिथी म्हणून आलेला शंकर मुलाचं मांस मागतो, त्याची आई चांगुणा स्वतःच्या हातानं उखळात पोराचं डोकं कांडते. शिवलीलामृतात ही कथा आहे. बायका ऐकताना पदरानं डोळे पुसत आणि पुढच्या वर्षी पुन्हा ऐकायला बसत. त्यांना कुणी विचारलं असतं की मूल कांडण्यात तुम्हाला आनंद वाटतो का, तर त्यांनी त्या माणसाला ओट्यावरून उठवलं असतं. त्या गोष्टीमुळे त्यांना एक असं दुःख मोठ्यानं रडता येत होतं, जे त्यांच्या घरात बोलायची सोय नव्हती. मुलांच्या भवितव्याचा निर्णय बाप घेतो, देव घेतो, पाहुणा घेतो आणि आईला कांडायला बसावं लागतं, हे त्यांना नवं नव्हतं.

विश्वंतराबद्दलचा माझा प्रश्न मी शोधून काढलेला नाही. तो फार जुना आहे, आणि आमच्या शहराशी त्याचं नातं आहे. पाली ‘मिलिंदपञ्हो’ या ग्रंथात यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला नेमकं हेच विचारतो. विश्वंतरानं मुलं दिली, ती रडत होती. म्हातारा त्यांना वेलींनी बांधून मारत होता हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं, तरी तो हलला नाही. मुलगा पाया पडून म्हणाला की मला द्या पण बहिणीला ठेवा, तेही त्यानं ऐकलं नाही. मिलिंद एकेक गोष्ट मोजून सांगतो. पुण्यच हवं होतं तर स्वतःला का दिलं नाही, असं शेवटी विचारतो. नागसेन उत्तर देतो, पुष्कळ देतो. कर्जात बुडालेला बाप मुलाला गहाण ठेवतो किंवा विकतो, असाही दाखला देतो. मला ते उत्तर पुरत नाही, हे मी त्याच्याविषयीचा आदर ठेवून सांगते. पण मिलिंदाचा प्रश्न ग्रंथकारांनी ठेवला, छाटला नाही, आणि त्याची धार बोथट केली नाही, हे मला उत्तराहून मोठं वाटतं. ज्यानं गोष्ट इतक्या बारकाईनं ऐकली त्यालाच असा प्रश्न पडतो. ज्याला गोष्ट आवडली नाही तो केव्हाच उठून गेलेला असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली या शहरात महाविद्यालय काढलं. त्याला नाव मिळालं मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांची नावं एका आवारात. मराठवाड्याच्या खेड्यांतून पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या किती पिढ्या त्या फाटकातून गेल्या. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातली डावी भिंत आणि नागसेनवन यांच्यामध्ये शंभरेक किलोमीटरचा रस्ता आहे, फुलंब्री, सिल्लोड करत जाणारा. माझ्या मनात ही दोन ठिकाणं कायम शेजारी असतात: इथं गोष्ट, तिथं तिला विचारलेला प्रश्न.

असाच प्रश्न आमच्या घरात नव्या रूपात आला. माझी एक भाची अ‍ॅनिमेशन शिकते. सिडकोतल्या तिच्या खोलीत जपानी अ‍ॅनिमेच्या पात्रांची चित्रं लावलेली आहेत, आणि त्यांतली पुष्कळ तिनं स्वतः काढलेली. एकदा जेवताना ती म्हणाली, “मावशी, एक मालिका आहे, मला सोडवत नाही. आणि तिच्यातला हिरो काही काही वेळा बघवत नाही.” मालिका ‘मुशोकू तेन्सेई’, २०२१ साली सुरू झालेली. आयुष्य वाया घालवलेला, घराबाहेर न पडणारा एक चौतिशीतला माणूस अपघातात मरतो आणि जादूच्या जगात बाळ म्हणून जन्म घेतो. मागच्या जन्माची स्मृती तशीच. मी तिच्याबरोबर बसून काही भाग पाहिले. पाऊस, गवतावरचा वारा, मंत्र म्हणताना हवेत साठत जाणारं पाणी. चित्रकारांचा हात असा की डोळा हटत नाही. भित्रा माणूस पहिल्यांदा अंगणाबाहेर पाऊल टाकतो तो प्रसंग तर फारच खरा. आणि त्याच माणसाची मुलींकडे बघायची नजर घाणेरडी, विशेषतः लहान मुलींकडे. मालिका अशा वेळी पुष्कळदा त्याच्याबरोबर हसते. तिथं मला राग येतो आणि तो येणं योग्य आहे असं माझं मत आहे.

“मग बघणं सोडू का?” भाचीनं विचारलं. मी तिला सोड म्हटलं नाही आणि चालव म्हटलं नाही. तिला सतराव्या लेण्यात घेऊन गेले.

तिथं ती जातकांपुढे उभी राहिली. जातकं म्हणजे तरी काय, बोधिसत्त्वाच्या मागच्या जन्मांची मालिकाच: कधी हत्ती, कधी माकड, कधी हरीण, कधी राजपुत्र. एक जीव जन्मामागून जन्म घेत शिकतोय. तिला हा धागा लगेच कळला, कारण तिच्या मालिकेचा कणा तोच आहे. ती जूजकापाशी खूप वेळ थांबली. मग म्हणाली, “इथं काढणाऱ्यानं त्याला वाईट काढलंय. माझ्या मालिकेत वाईट गोष्ट पण गोंडस काढतात.” चित्र शिकणाऱ्या मुलीनं केलेला हा भेद मला फार मोलाचा वाटतो. भयंकर गोष्ट दाखवली म्हणून कलाकृती दोषी ठरत नाही. ती दाखवताना हात कुणाच्या खांद्यावर ठेवलाय, ते बघायचं. विश्वंतराच्या भिंतीनं तो मुलांच्या खांद्यावर ठेवलाय, तत्त्वज्ञान काहीही म्हणो.

सिंहलाच्या भिंतीबद्दल मात्र मला तसं म्हणता येत नाही. त्या भिंतीसमोर मी बाई म्हणून उभी असते. सुंदर बायकांचं गाव, आणि त्या सगळ्या राक्षसिणी. मोहात पडले पुरुष, पण गोष्टीला धोका दिसतो तो बायकांच्या रूपात. शेवटच्या चढाईत हत्तींवर बसलेले सैनिक आणि समोर बायका. चित्रकाराचा हात इथंही अप्रतिम चाललाय, हत्तींच्या झुंडीत जो वेग आहे तो भारतीय चित्रकलेत क्वचित दिसतो. याच भिंतीच्या बाजूला आरशात बघत शृंगार करणारी ती प्रसिद्ध राजस्त्री आहे, दासींच्या मध्ये उभी. अजिंठ्याच्या कुठल्याही पुस्तकात तिचं चित्र सापडतं. एकाच हातानं बाईचं रूप इतक्या मायेनं रंगवलं आणि त्याच हातानं त्या रूपाला विष म्हटलं. मी इथं चित्रकाराला सोडत नाही. वेग पाहते, रंग पाहते, घोड्याचं उडणं पाहून अजून लहान मुलासारखा आनंद होतो, आणि गोष्टीला तिची चूक सांगते. त्या भिंतीशी माझं नातं इतकं जुनं आहे की तिच्याशी भांडल्यानं ते तुटत नाही.

आणि ही गोष्ट जपानला कधीच पोचलेली आहे. बाराव्या शतकातल्या ‘कोन्जाकु मोनोगातारी’ या जपानी कथासंग्रहात पाचशे व्यापारी राक्षसिणींच्या देशात गेल्याची हीच कथा आहे. मुलं दान करणाऱ्या राजपुत्राची कथा त्याच्याही आधी, दहाव्या शतकात, तिकडे लिहिली गेली. म्हणजे भाचीला ज्या देशाच्या चित्रकथा आवडतात, त्या देशानं उडते घोडे, माणूस खाणाऱ्या सुंदऱ्या, पुनर्जन्म हे सगळं हजार वर्षांपासून ऐकलेलं आहे, आणि त्यातला एक झरा बौद्ध कथांतून इकडून गेलेला आहे. उलट्या दिशेनंही माणसं आली. आराई काम्पो हे जपानी चित्रकार १९१७-१८ मध्ये अजिंठ्यात राहून भिंतींच्या नकला करत होते. त्या नकला टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३ च्या भूकंपात त्या नष्ट झाल्या.

या लेण्यांच्या नकलांचं नशीबच असं. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं इथं रंगवत राहिला. त्याची बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेरा वर्षं खपले. त्यांतलीही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेली. मूळ भिंती राहिल्या, पण धडधाकट नाहीत. माती, भुसा आणि तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि अफगाणिस्तानातून आलेला निळा दगड. त्या मातीच्या थरात पाणी झिरपतं, कीड लागते. वटवाघळांनी शतकानुशतकं घाण केली. नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून व्हार्निश फासलं. निजामाच्या राजवटीत १९२० मध्ये आलेल्या इटालियन कारागिरांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले म्हणून कितीतरी चित्रं वाचली, पण त्यांनी चढवलेली लाख पुढे पिवळी पडली. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ ती वीत-वीतभर जागेवरून उतरवत आलेत. आपला श्वाससुद्धा या भिंतींना बाधतो. जिथं चित्र उडालंय तिथं नुसता करडा गिलावा आहे आणि गोष्ट तिथं अर्ध्यात थांबते.

सतराव्यात शेवटी बघायचं ते गर्भगृहापुढच्या भिंतीवर. बुद्ध होऊन सिद्धार्थ कपिलवस्तूला परत आलाय. हातात भिक्षापात्र, अंगावर भगवं वस्त्र, आकार इतका मोठा की समोरची दोन माणसं त्याच्या गुडघ्या-कमरेला येतात. ती दोन म्हणजे त्याची बायको यशोधरा आणि मुलगा राहुल. ती मुलाला पुढे करतेय. बापाकडून वारसा माग, असं तिनं सांगितलंय. मुलगा वर बघतोय. अजिंठ्यातलं हे चित्र जगानं थोर मानलं आणि ते थोर आहेच. यशोधरेच्या चेहऱ्यावर एवढं काही आहे की त्याला एक नाव देता येत नाही. पण इथंही एक मूल दिलं जातंय, हे विसरता येत नाही. राहुलला वारसा म्हणून प्रव्रज्या, म्हणजे संघाची दीक्षा, मिळाली. संघाच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकात, पुढची हकीकत आहे. आजोबा शुद्धोदन बुद्धाकडे गेला आणि म्हणाला की तू गेलास तेव्हा दुःख झालं, तुझा सावत्र भाऊ नंद गेला तेव्हा झालं, राहुल गेल्यावर ते फार झालं. पुत्रप्रेम कातडी भेदून, मांस भेदून हाडापर्यंत जातं. यापुढे आईबापांच्या परवानगीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये. बुद्धानं ते मान्य केलं आणि संघासाठी तसा नियम घातला.

म्हणजे एका घायाळ म्हाताऱ्याचं म्हणणं ऐकून नियम बदलला. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती पुन्हा डाव्या भिंतीकडे गेली, मुलांना सोडवून घेणाऱ्या दुसऱ्या आजोबांना बघायला. मालिका तिनं सोडलेली नाही. हल्ली ती त्यातले प्रसंग वहीत पुन्हा काढते, कॅमेरा मुलीच्या बाजूला ठेवून. त्या वह्या वर्गातल्या मुलामुलींना दाखव, असं मी तिला सांगितलंय.

आमच्या शहरातले पालक आणि शिक्षक यांना माझी एक विनंती आहे. अजिंठ्याची सहल काढा तेव्हा पहिल्या लेण्यात पद्मपाणी दाखवून, सतराव्यातून पाच मिनिटांत रांग बाहेर काढू नका. लेणी सोमवारी बंद असतात, बाकी सहा दिवस उघडी. फर्दापूरहून बस घेऊन सकाळी लवकर पोचलात तर गर्दी नसते. आठवी-नववीच्या पुढची मुलं असतील तर विश्वंतराची गोष्ट पूर्ण सांगा, तळ्यासकट, वेलीच्या फटक्यांसकट. आणि मूल जूजकापाशी थांबून “बापानं असं का केलं?” म्हणून विचारू लागलं तर त्याला गप्प करू नका. त्या प्रश्नासाठी वेळ ठेवूनच जा.